बेळगावात भेटलेला ज्युनियर

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेल्या डिसेंबरात बेळगावला जाणे झाले. आम्हां गोवेकरांना बेळगाव म्हणजे काही परके गाव नव्हे. कुणाची आत्या तिथे दिलेली असते, कुणाची मामी तिथून आणलेली असते. चोर्ला घाट चढून वर गेले की अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. आपली भाजी तिथून येते, दूध तिथून येते, दुखणे बळावले तर आपण तिथल्या इस्पितळात जातो आणि लग्नाचा बस्ताही पुष्कळजण तिथेच बांधतात. माझी आई बेळगावची, शहापुरातली. त्यामुळे पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी मामांच्या घरी, हा क्रम ठरलेलाच होता.

मामा आता नाहीत, मामेभाऊ आहे. चहा झाल्यावर तो म्हणाला, "दादा, दळण आणायचंय. येतोस काय? तुला एक गंमत दाखवतो." दळणात कसली आली गंमत, असे मनाशी म्हणत मी चपला अडकवल्या.

गिरण जुन्या वळणाची. पट्ट्याची फटफट, गव्हाचा गरम वास, आणि सगळ्या वस्तूंवर पिठाचा तो मऊ पांढरा थर. भिंतीवर देवीची तसबीर, शेजारी शिवाजी महाराज आणि त्यांच्या शेजारी तिसरी एक चौकट, जिच्यातले काहीच दिसत नव्हते. गिरणीवाल्यांनी खांद्यावरच्या पंचाने काच पुसली. आत वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण होते. हात पसरून धावणारा एक तरुण खेळाडू. खाली बॉलपेनने लिहिले होते, 'ज्युनियर. १०'.

मी गोव्याचा माणूस, पण मला ओळखायला क्षणभर लागला, हे इथे कबूल करून टाकतो.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. क्रिस्तियानो सेबास्तियाँव द लिमा ज्युनियर हे त्याचे पूर्ण नाव. ब्राझीलचा आघाडीचा खेळाडू. २००३-०४ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. त्या वर्षी ईस्ट बंगाल विजेते ठरले, आपला डेंपो उपविजेता ठरला आणि १५ गोल करून ज्युनियर स्पर्धेत सर्वांत पुढे राहिला. पुढच्या मोसमासाठी डेंपोने त्यालाच आपल्याकडे आणले. ज्याच्यामुळे विजेतेपद हुकले तोच आता आपला, म्हणून गोव्यात जी खुशी झाली ती ज्यांना आठवते त्यांना आठवते. ५ डिसेंबर २००४, रविवार. बेंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. डेंपो २-० ने जिंकला आणि दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल करताना गोलरक्षक सुब्रत पालशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला, ज्युनियर खाली कोसळला तो उठलाच नाही. इस्पितळात नेईपर्यंत सगळे संपले होते. वय २५ वर्षे. डेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आणि त्याच मोसमात पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

म्हणजे हा माणूस आपल्या क्लबाच्या जर्सीत खेळला तो जेमतेम काही महिने.

"हे आमचे दादा, गोव्याचे. लिहितात," अशी मामेभावाने माझी ओळख करून दिली. गिरणीवाल्यांनी लिहिण्याकडे साफ दुर्लक्ष केले. "गोव्यात कुठं?" मी म्हटले, फोंड्याला. "मग फातोर्ड्याला जात असणार न्हवं मॅच बघायला?" मी म्हटले, पूर्वी जायचो. "पूर्वी म्हणजे कवा?" अशी माझी तोंडी परीक्षा सुरू झाली आणि तिच्यात मी नापास झालो. कारण २००४ सालच्या त्या मोसमात मी एकदाही फातोर्ड्याला गेलो नव्हतो. नाट्यस्पर्धेच्या तालमी, साहित्य संमेलनाच्या बैठका, अशी पुष्कळ कामे होती. फोंड्याहून फातोर्डे किती लांब? वीस किलोमीटरही नसेल. आणि ही मंडळी बेळगावहून ट्रॅक्स करून यायची!

गिरणीवाल्यांनी ज्युनियरला प्रत्यक्ष पाहिले ते त्याच्या आदल्या मोसमात. ईस्ट बंगाल गोव्यात डेंपोशी खेळायला आले तेव्हा. "आम्ही सहाजण गेलतो. डेंपोच्या बाजूनं ओरडायला. आणि ह्यो गडी समोरनं खेळत होता. ह्याच्याकडं बॉल आला की आमच्या पोटात गोळा यायचा बघा. मॅचभर ह्याला शिव्या घालून घसा बसला. आणि पुढच्या सालाला कळलं, ह्यो आमच्याकडं आला." हे 'आमच्याकडं' त्यांनी इतक्या सहज म्हटले की मी चमकलो. डेंपोची कचेरी पणजीत, मैदान मडगावात, गिरण शहापुरात.

"मग आपल्या जर्सीत कधी पाहिलात?" मी विचारले.

"न्हाई बघितला. नवीन वर्षात जायाचं ठरलं होतं. ट्रॅक्सवाल्याला सांगून ठेवलं होतं."

पट्टा फटफटत होता. दळण झाले. मामेभावाने पिशवी उचलली. मी मात्र जागचा हललो नाही.

बेळगावच्या माणसाने गोव्याच्या क्लबावर जीव का टाकावा, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याचे उत्तर फारसे गूढ नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र या शहरात, कॅम्पातली मैदाने आहेत, सेंट पॉल्ससारखी १८५६ सालची मिशनरी शाळा आहे. या सगळ्यांतून फुटबॉल इथे रुजला. पण मोठे क्लब जवळ कुठे? दक्षिणेला बेंगळूर पाचशे किलोमीटर. घाट उतरला की गोवा. शिवाय १९१९ साली बेळगावात निघालेला 'तरुण भारत' गोव्यातही छापला जातो. गोव्यातल्या सामन्यांची बातमी बेळगावकर सकाळी चहाबरोबर मराठीत वाचतो. गोव्यातला पुष्कळसा फुटबॉलप्रेमी मात्र तीच बातमी इंग्रजीत वाचत असतो. याचा विचार करावा तेवढा थोडा.

मी केला. आणि मला माझीच थोडी लाज वाटली. ज्युनियर गेला त्यानंतरच्या दिवाळीत एका अंकात मी त्याच्यावर एक ललित लेख लिहिला होता. तो अंक आता कुणाकडे नसावा अशी माझी प्रार्थना आहे. त्यात 'मृत्यूच्या जाळ्यात चेंडू मारणारा' अशा धर्तीची वाक्ये होती, 'रणांगण' होते, 'वीरगती' होती, अभिमन्यूही होता. लेखाचे कौतुक झाले. पण त्या सबंध लेखात ज्युनियर खेळायचा कसा याविषयी एक ओळसुद्धा नव्हती, कारण मी त्याला खेळताना पाहिलेच नव्हते. मला त्याचे मरण पुरेसे होते. लेखकाला असे मरण आयतेच मिळाले की तो सोडत नाही.

गिरणीवाल्यांनी त्याच्या मरणाविषयी फार थोडे सांगितले. खेळाविषयी सांगताना मात्र त्यांनी दळणाचे दोन डबे पुढे घेतले, एक बचावपटू, एक गोलरक्षक, आणि अंगणातल्या लिंबाच्या झाडापर्यंत उभे राहून दाखवले की चेंडू येण्याआधीच तो कसा अर्धा वळलेला असायचा. "बॉल घेऊन मग वळायचं, हे सगळेच करतात. ह्यो आधी वळायचा, मग बॉल यायचा." गुडघ्याला पट्टा बांधलेला पासष्टीचा माणूस दळणाच्या डब्यांमधून वळून दाखवतो आहे, ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. मला वाटते, वीस वर्षांत ज्युनियरवर जे काही लिहिले-बोलले गेले त्यात हे प्रात्यक्षिक वरच्या क्रमांकाचे असावे. माझ्या लेखाच्या तर खूपच वर.

इतक्यात त्यांचा मुलगा आला. कॉलेजात आहे. बोलण्याचा विषय ऐकून त्याने सुब्रत पालच्या नावाने एक शिवी हासडली. गिरणीवाल्यांनी त्याला तिथेच गप्प केले. "काय गा, तुझं वय काय? अठरा न्हवं? त्याचंबी अठराच होतं."

हे खरे आहे. सुब्रत पालला त्या दिवशी अठरा पूर्ण होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. महासंघाने त्याला दोन महिने निलंबित केले. देशभरच्या लोकांनी त्याला आयुष्यभराचे निलंबन दिले होते, पण तो खेळत राहिला. २०११ च्या आशियाई चषकात दोहा येथे दक्षिण कोरियासमोर आपण १-४ ने हरलो, तरी त्या सामन्यात भारताच्या गोलापुढे उभा राहिलेला तोच पोरगा होता आणि त्याने अडवलेले फटके पाहून कोरियन मंडळींनी त्याला 'स्पायडरमॅन' म्हटले. पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ साली तो निवृत्त झाला. आपण गोवेकर ज्युनियरची आठवण काढताना याला अजून खलनायकाच्या जागी उभा करतो. नाटकवेडे लोक आपण, खलनायकाशिवाय आपले भागत नाही. एखाद्याची आठवण दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन काढायची असेल तर मला ती नको. गिरणीवाल्यांनी हे माझ्याआधी ओळखले होते, एवढेच.

मग राहिला प्रश्न, दोष कुणाचा? तिथेही त्यांचे म्हणणे ठाम होते. "धक्का लागतोच ओ. फुटबॉल हाय. पण पडल्यावर बघायला कोण होतं मैदानात?"

ज्युनियर वाचला असता की नाही, हे मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि असतो तरी इतक्या वर्षांनी सांगू शकलो नसतो. पण त्या काळात हा प्रश्न साऱ्या जगापुढे होता. २६ जून २००३ रोजी कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए फ्रान्समध्ये लिआँच्या मैदानावर कोसळून गेला. २५ जानेवारी २००४ ला बेनफिकाचा मिक्लोश फेहेर पोर्तुगालमध्ये. २७ ऑक्टोबर २००४ ला ब्राझीलमध्येच साओ काएतानोचा सेर्जिन्यो. ज्युनियर त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. म्हणजे अशा गोष्टी घडतात हे कुणाला माहीत नव्हते असे कुणी म्हणू नये. युरोपाने त्यातून धडा घेतला. २०२१ च्या युरो स्पर्धेत, १२ जूनला, डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनला असाच कोसळला तेव्हा माणसे काही क्षणांत त्याच्यापाशी पोचली, छातीवर दाब दिला, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र मैदानातच वापरले, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळायला लागला.

आणि आपण? २१ मार्च २०१२ रोजी त्याच बेंगळूर शहरात, बेंगळूर मार्स या क्लबाचा डी. व्यंकटेश जिल्हा लीगच्या सामन्यात छातीत कळ येऊन कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षातून इस्पितळात नेले. तो वाचला नाही. ज्युनियरनंतर सव्वासात वर्षांनी. त्या दिवशी कितीजणांना ज्युनियर आठवला असेल? पण आठवून उपयोग काय झाला? क्रमांक १० ची जर्सी कपाटात घडी घालून ठेवली होती आणि व्यंकटेश रिक्षात होता.

बेळगावात बेंगळूरचे नाव कशाकशासाठी निघते हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न, महाजन आयोगाचा अहवाल, दर १ नोव्हेंबरचा काळा दिन. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तोही २००४ सालीच, मार्च महिन्यात. मामांच्या घरात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. मला वाटले, गिरणीवाले आता इकडेच वळणार. बेंगळूरच्या मैदानावर आमचा माणूस मेला, असे काहीतरी म्हणणार. तसे ते म्हणाले नाहीत. उलट ज्युनियरच्या सामन्याच्या गप्पांत त्यांच्या गिरणीवर येणारे दोघे कन्नड भाषिक शेजारीही असतात, आणि त्यातला एक पक्का मोहन बागानवाला आहे, असे त्यांनी सांगितले. वादावादी होते ती त्याच्याशी. भाषेवरून नव्हे, ऑफसाइडवरून. ज्युनियरला मराठी येत नव्हती, कन्नड येत नव्हती, कोंकणीही येत नव्हती. आमच्या फोंताइन्यांतल्या एखाद्या आजोबांशी तो फार तर पोर्तुगीजमध्ये बोलला असता. ज्याच्याशी एक शब्दही बोलता आला नसता त्याच्यावर या माणसांनी जीव लावला आणि वीस वर्षे टिकवला, तोही अशा गावात जिथे दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून दगड पडतात. यावरून मी काही सिद्धान्त काढत नाही. सीमाप्रश्न फुटबॉलने सुटेल असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही.

निघताना गिरणीवाले म्हणाले, "उद्या चारला या ग्राउंडवर. आमची मॅच हाय." दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ही मंडळी सामना खेळतात. करंडक नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. दुसऱ्या दिवशी मला निपाणीला पत्रिका द्यायच्या होत्या, पण चारपर्यंत परतेन असे मी कबूल केले.

निपाणीला जाताना हत्तरगी, संकेश्वर मागे टाकून तवंदी घाट चढला की हवा बदलते, आणि गावात शिरताना तंबाखूचा वास नाकात भरतो. आईच्या मावशीचे घर तिथे. त्या घरातला नातू दार उघडायला आला तो अंगात कोल्हापूरच्या एका तालीम मंडळाची जर्सी घालून. निपाणी कर्नाटकात, पण फुटबॉलपुरती ती कोल्हापुरात आहे. तिथून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की ही पोरे मोटारसायकलवरून सुटतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावे गोव्याच्या वाचकाला कदाचित नवी वाटतील. पण त्या नावांवरून पेठापेठांतून जी चुरस चालते ती पाहून आपल्या चर्चिल-साळगावकर सामन्यांची आठवण यावी. मातीत कुस्ती खेळणाऱ्या तालमींनीच तिथे फुटबॉल उचलला, हे मला फार विलक्षण वाटते. त्यामुळे त्या गावात फुटबॉल अस्सल मराठी खेळ झाला. जुना खेळाडू वारला की पेठेत त्याचा फलक लागतो, शोकसभा होते, तिथे त्याच्या खेळाच्या आठवणी मराठीत सांगितल्या जातात, आणि ऐकणारी पोरे त्या पुढे नेतात. नायजेरियाचे खेळाडूही त्या संघांतून खेळून गेले आहेत, त्यांचीही नावे पोरांना पाठ.

आमच्या गोव्यात काय स्थिती? राज्याचा खेळ म्हणून मिरवतो आपण. पण गोव्यातल्या मराठी लेखनाच्या माझ्या कपाटात नाट्यसंगीतावर खंड आहेत, भजनावर, दशावतारावर, देवळांच्या इतिहासावर पुस्तके आहेत. फुटबॉलवर म्हणावे असे माझ्या हाती तरी काही लागले नाही. फुटबॉल आपण कधी ख्रिस्ती बांधवांचा म्हणून सोडून दिला, कधी पोरांचा म्हणून. आणि हे खोटे आहे हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कप्तान होता, १९८३-८४ च्या संतोष करंडकात त्याने गोलापुढे केलेली कामगिरी घराघरांत माहीत होती. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्रीही मिळाली. त्याच्यावर मराठीत एक धड चरित्रलेख लिहावा असे आम्हां संमेलनवाल्यांपैकी किती जणांना वाटले? पुरस्कार मिळाला तेव्हा शाल घालायला मात्र सगळे पुढे.

निपाणीच्या त्या नातवाला मी ज्युनियरविषयी विचारले. तो जन्मला २००६ साली. तरी त्याला माहीत होता. "डेंपोचा न्हवं? बेळगावचे काका सांगतात." नाते असे लागले की गिरणीवाल्यांच्या टोळीतला एकजण त्याच्या आत्याचा नवरा. डेंपो २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडला, पुष्कळ वर्षांनी, २०२४-२५ ला परत आला. मधल्या काळात आयएसएल आले, एफसी गोवा आला, फेडरेशन चषक तर बंदच पडला. ज्या स्पर्धेत ज्युनियर गेला ती स्पर्धाही आज नाही. क्लब निम्मा विस्मरणात गेला, तरी त्याचा एक खेळाडू तवंदी घाटाच्या पलीकडे एका पोराच्या तोंडी आहे. हे गोव्याच्या कुठल्या पुस्तकातून तिथे गेले नाही. ट्रॅक्समधून गेले.

इथे मला माझ्या गावची एक गोष्ट सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक स्पर्धा होती. नाव घेत नाही, मंडळी ओळखीची आहेत. व्यासपीठ मोठे, पुढारी चार, ध्वनिक्षेपक कान फाडणारा, बक्षिसाची रक्कम फलकावर. मीही पाहुणा होतो, दोन शब्द बोललो, त्यात ज्युनियरचाही उल्लेख केला. लोकांनी टाळ्या दिल्या. उत्तरार्धात एक मुलगा उन्हाने म्हणा, कशाने म्हणा, पडला. डोळे पांढरे. स्ट्रेचर नाही, डॉक्टर नाही, साधे ग्लुकोजचे पाणी नाही. गर्दीमुळे गाडी आत येईना. शेवटी मासे घेऊन आलेल्या रिक्षात त्याला घातला. बर्फाचे पाणी अजून खालून गळत होते. मुलगा वाचला, देवाची कृपा. सामना दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाला आणि बक्षीस समारंभ वेळेवर झाला. त्या सबंध संध्याकाळी मला हे सुचले नाही की तासाभरापूर्वी याच व्यासपीठावरून मी कुणाचे नाव घेतले होते. फिफाने २०१३ साली सगळ्या देशांच्या संघटनांना झटका देणाऱ्या यंत्रासकट तातडीच्या उपचाराची पिशवी दिली. ती पिशवी आमच्या वाड्यापर्यंत यायची वाट कशाला पाहायची? छातीवर दाब कसा द्यायचा हे शिकायला एक दुपार पुरते. स्पर्धेच्या ढालीच्या खर्चात स्ट्रेचर येते.

असो. निपाणीहून निघायला उशीर झाला. जेवल्याशिवाय सोडतील तर ते सीमाभागातले घर कसले! चारचे साडेचार होत आले तेव्हा मी मैदानावर पोचलो. वाटले, अर्धा सामना हुकला. बघतो तर बावीसएक माणसे सावलीत पाय पसरून बसलेली. पन्नाशी-साठीचे बरेच, काही तरुण पोरे. गिरणीवाले गुडघ्याचा पट्टा आवळत होते. कन्नड भाषिक मोहन बागानवाले शेजारी गोलरक्षकाचे हातमोजे घालून तयार. मैदानाच्या कडेला एक जुनी व्हॅन, मागचे दार उघडे, आत फळी आणि चादर. एक नर्सबाई खुर्चीवर बसून मोबाइल बघत होत्या.

"सुरू नाही झाला अजून?" मी विचारले.

"कसा होईल? ड्रायव्हर चहाला गेलाय."

"मग काय झालं? गाडी तर उभी आहे."

गिरणीवाल्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दळणात खडे घातले होते. "किल्ली त्याच्याकडं हाय, दादा."

वीस मिनिटे सगळे थांबले. कुणी कुरकुर केली नाही. ड्रायव्हर पान चघळत आला, व्हॅनमध्ये बसला, किल्ली फिरवून एकदा इंजिन सुरू करून दाखवले आणि बंद केले. मग शिट्टी झाली.